देवाचं तेल

कार्मीनच्या थोरल्या बहिणीचं, फेलिसिदादचं, लग्न झालं आणि आठवडा उलटला नाही तोच बापाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, ते साल चौऱ्याऐंशीचं. मांडवाचे बांबू अजून अंगणात तसेच उभे होते. पास्कल सकाळी गायीच्या आचळांना हात लावून बसला आणि तांब्यासकट कलंडला. तेव्हापासून दूध काढायचं, धामापुरातल्या हॉटेलात पोचवायचं, वैरण आणायची, सगळं कार्मीनच्या डोक्यावर आलं. मांय कंबरेत वाकलेली. घरात दुसरा बापयमाणूस नव्हता.

गाय एकच. तिचं नाव रोझी. पावसाळा सरता सरता तिचं दूध उतरायला लागलं, आणि नवरात्रात एका सकाळी ती दावं ओढून हंबरायला लागली.

"माजार इली," मांय म्हणाली. पुढचं बोलणं अवघड होतं. गाय पाड्याकडे न्यायची ती बापयांनी. बाईमाणूस त्या वाटेला जात नसे.

"मी न्हेतंय," कार्मीन म्हणाली.

"लोक काय म्हणतले गो?"

"लोक दूध देतले?"

मांयने दावं सोडून तिच्या हातात दिलं.

आडवाळ गावात वळू एकच होता. तो देवाचा. कुणा एकाच्या नवसाचा गोऱ्हा ग्रामदेवाला सोडलेला, तो मोठा होऊन गावचा पाडा झाला. गाय हिंदूची असो, क्रिस्तावाची असो, सगळ्यांची त्याच्याकडे यायची. त्याला सांभाळायचा मान एका घराचा, बापाकडून मुलाकडे आलेला. बाप वारल्यावर तो गुरुदासकडे आला होता. घरात तो आणि त्याची आई रुक्मिणी, दोघंच.

देवळामागच्या गोठ्यापाशी गुरुदास नारळाचं सोडण घेऊन पाड्याची पाठ घासत होता. फ्रॉक घातलेली एक पोरगी गाय ओढत चढण चढून येते आहे, हे बघून तो थांबला.

"गो बाय, वाट चुकलंस काय? इगर्ज पलीकडे."

"गाय काय इगर्जीत न्हेव?"

तो हसला. मग गाय चर्चात नव्हे तर पाड्याकडे आणली आहे ते त्याच्या ध्यानात आलं, आणि हसू तिथल्या तिथे विझलं.

"वांगडा कोण नाय?"

"रोझी आसा."

"रोझी कोण?"

"ही काय. चार पायांची. इतकी मोठी दिसना नाय तुका?"

"मगे..." त्याने सोडण खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "मगे तू थंय वडाखाली जावन उभी रव. तोंड तिकडे करून."

"कित्या?"

"कित्या म्हणजे... बघूचा नसता."

"पाड्याक लाज वाटता?"

"माका वाटता," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

कार्मीन वडाकडे तोंड करून उभी राहिली. हसू आवरता आवरत नव्हतं. पाठीमागे खुरांचा आवाज झाला, गुरुदासचा हाकारा झाला, मग शांत. ती वळली तेव्हा तो रोझीच्या पाठीवर पाण्याचा हात फिरवत होता, असा हळू, की जणू तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळावर.

पाड्याच्या पुढ्यात घमेलं होतं. भाताचा कोंडा, त्यावर काळसर, दाट तेल. वास नाकात बसला.

"हो कसलो वास रे?"

"देवाचा तेल. समयांतला उरलेला."

देवाच्या दिव्यांत उरलेलं तेल ओतून टाकायचं नाही, घरी न्यायचं नाही, असा गावचा रिवाज. मग ते जाणार कुठे? देवाचं ते देवाच्या पाड्याला. गुरुदासच्या आजाच्या काळी ते ओंजळभर निघायचं. आता गावची पोरं मस्कत-दुबईला गेली होती, नवस फेडायला डबेच्या डबे येत होते. देवळामागच्या पत्र्याच्या पडवीत डब्यांची उतरंड लागली होती. उन्हाळा-पावसाळा ते तिथेच तापायचे. पाड्याला रोज सकाळी लोटाभर तेल. कातडी अशी चकाकायची की बघणारा म्हणायचा, देवाचं तेज आहे.

गाय घेऊन ती निघाली तसा तो मागून म्हणाला, "आता उलटली नाय तर परत येवची गरज नाय."

"आणि उलटली तर?"

"तर..." त्याने पाड्याच्या कानात बघत उत्तर दिलं, "तर ये."

रोझी उलटली, गाभण राहिली नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा दावं ओढायला लागली. दूध आटत चाललं होतं. वासरू राहिलं नाही तर पुढचं वर्ष कोरडं जाणार, पपाच्या गोळ्या कशातून आणायच्या, हे सगळं कार्मीनला कळत होतं. वाईट वाटायला हवं होतं. तिने केस धुतले. विंचरले. मांयने एकदा तिच्याकडे बघितलं आणि चुलीत फुंकर घातली.

"इलंस?" गुरुदास म्हणाला.

"उलटली."

"वायट झाला," तो म्हणाला. पण तोंड वाईट झाल्याचं नव्हतं.

तो हिवाळा तसा गेला. गाय उलटायची, ती यायची. वडाकडे तोंड करून उभी राहायची, आणि तो इकडून काहीबाही बोलत राहायचा, तिला कंटाळा येऊ नये म्हणून. पाड्याला कुठली झाडं आवडतात. लहानपणी त्याने शेपूट धरून कसा ओहोळ पार केला. माघात सुरंगी फुलली तेव्हा त्याने रोझीच्या शिंगाला सुरंगीचा वळेसर बांधला.

"ह्या काय?"

"रोझीसाठी."

"रोझीक वास येता काय?"

"तुका येता मा?"

वळणापलीकडे गेल्यावर तिने तो वळेसर सोडवला आणि केसांत माळला. घराजवळ येताना काढून फ्रॉकच्या खिशात टाकला. रात्रभर उशीला सुरंगीचा वास येत होता. आणि गोठ्यात आटलेली गाय उभी होती.

हे सुखाचे दिवस होते असं म्हणायचं तर त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. उलटत होती ती एकटी रोझी नव्हती. शिमगा आला तरी आडवाळात एक गाय गाभण राहिली नव्हती. जनावरं धडधाकट, चारा होता, रोग नव्हता. पोरांच्या चहात दूध नव्हतं. कसालच्या बाजारात आडवाळच्या भाकड गायी जायला लागल्या, आणि तिथून त्या कुठे जातात ते कुणी विचारत नव्हतं. लोक पाण्यावर जमले की बोलणं तिथेच यायचं. पाडा देवाचा, तो चुकणार नाही. चूक सांभाळणाऱ्याची. आणि सांभाळणाऱ्याकडे दर तीन आठवड्यांनी कोण येतं, ते गावाने पाहिलंच होतं.

"किरिस्तावाचा चेडू देवाच्या गोठ्यात. मगे काय होतला?"

रोझीला विकायची गोष्ट मांयनेही काढली.

त्याच सुमारास लाळ-खुरकताची लस टोचायला तालुक्याचे डॉक्टर जीप घेऊन आले. हरिश्चंद्र परुळेकर त्यांचं नाव. तरुण, तोंडाने फटकळ, पण जनावराला हात लावताना मऊ. कार्मीनने रोझीला पुढे केलं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात घालून तपासलं.

"हिला काही झालेलं नाही. पाडा कोणता?"

"देवाचो," कार्मीन म्हणाली.

"देवाचा असो, सरकारचा असो. बघायला पाहिजे."

गुरुदास आधी बिथरलाच. "आमच्या पाड्याक नाव ठेवूचा नाय, सायेब."

"नाव ठेवत नाही. बीज बघतो. चालेल?"

रोझी नेमकी माजावर होती. या वेळी कार्मीनला वडाकडे तोंड कर म्हणायलाही कुणाला सुचलं नाही. पाडा गायीवरून उतरल्याबरोबर डॉक्टरांनी काचेच्या नळीने थेंबभर बीज काढलं, काचेवर पसरलं, जीपच्या बॉनेटवर सूक्ष्मदर्शक ठेवला आणि बराच वेळ डोळा लावून बसले. मग बाजूला झाले.

"बघा."

आधी गुरुदासने बघितलं. त्याला काही कळलं नाही. मग कार्मीनने. उजेडाच्या गोल तुकड्यात बेडकीच्या पिल्लांसारखं काहीतरी पडलेलं होतं. शेपट्यांसकट. डबक्यातलं पाणी आटल्यावर मासळी जशी चिखलात पडते, तसं. एखाददुसरं जागच्या जागी वळवळत होतं.

"धावणत नाय," ती म्हणाली.

"बरोबर. निरोगी पाड्याचं असतं तर इथे लाटा उसळताना दिसल्या असत्या. यातले बहुतेक मेलेले आहेत." डॉक्टरांनी हात पुसले. "खायला काय देता याला?"

गुरुदासने घमेलं आणलं. डॉक्टरांनी बोट बुडवून वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"किती दिवसांचं तेल आहे हे?"

"दिवसांचा काय, सायेब... काय डबे दोन वर्सांचे आसत."

मग डॉक्टर जीपच्या पायरीवर बसले आणि समजावून सांगितलं. बीजाच्या प्रत्येक कणाभोवती एक पातळ साल असते. ती साल तेला-तुपाच्या जातीचीच असते, आणि जनावर जे स्निग्ध खातं त्यातूनच बनते. ताजं मिळालं तर साल लवचीक राहते, शेपूट जोरात हलतं. खवट तेल रोज पोटात गेलं तर तो खवटपणा बीजाच्या सालीपर्यंत पोचतो, साल सडते, कण वाटेतच मरतो. हिरव्या गवतात ही सड रोखणारं एक जीवनसत्त्व असतं. "आणि तुम्ही तर याला गवतही देत नाही. पेंढा आणि तेल. परदेशात कोंबड्यांवर, डुकरांवर असले प्रयोग झालेले मी वाचलेत. स्निग्ध वाईट नाही हो, ते लागतंच. सडलेलं वाईट."

"पण कातडी बघा कशी चकचकता," गुरुदास म्हणाला. आवाज खाली गेला होता.

"वरून चकचकतेच. तेल आज बंद करा. हिरवं गवत घाला, घाण्यावरची ताजी खोबऱ्याची पेंड घाला. नवं बीज तयार व्हायला दोन महिने तरी लागतात. पावसाच्या तोंडाला फरक दिसेल."

जीप गेली. दोघं उभी राहिली. पाडा घमेल्याकडे मान लांबवत होता, गुरुदासने ते पायाने मागे सारलं.

"मी घातलंय त्याका," तो म्हणाला. "ह्या हातान. रोज."

कार्मीनने तो हात धरला. पहिल्यांदाच. 

गुरुदास देवळाचे मानकरी भाई यांच्याकडे गेला. भाई ओटीवर सुपारी कातरत होते. सगळं ऐकून घेतलं.

"देवाचा तेल देवाचो पाडो खावचो नाय तर कोण खातलो? डॉक्टर?"

"भाईनु, तेल खवट झालाहा..."

"देवाचा तेल खवट जायत नाय." अडकित्ता मिटला. "दोष तेलात नाय, गुरुदासा. दोष खंय आसा तो गावाक म्हायती आसा. ता चेडू गोठ्याकडे दिसता नये. जत्रेपर्यंत गोठे भरले तर बरा. नाय भरले तर मान दुसऱ्या घरात जातलो, आणि पाडो कसालाक."

कसालला म्हणजे काय, ते सांगावं लागलं नाही.

त्याने दोन्ही ऐकल्यासारखं केलं. कार्मीनचं गोठ्याकडे येणं थांबलं, तेवढं ऐकलं; तेलाचं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पाड्याच्या वाटणीचा लोटा तो पहाटे भरायचा आणि गोठ्यामागच्या मातीत ओतायचा. रुक्मिणीने एकदा पाहिलं.  दुसऱ्या पहाटे तिनेच खोरं आणून त्यावर माती ओढली.

हिरवं गवत चैत्रात कुठून येणार? धामापूरच्या तलावाच्या काठाला तेवढं होतं. गुरुदास रोज भारा आणायला तिकडे जायचा. कार्मीनही दूध द्यायच्या वाटेने... आता दूध कुठलं, हॉटेलातली रिकामी किटली आणायला म्हणून गेली.

"भाईंनी सांगल्यानी, तुका भेटूचा नाय," तो विळा चालवत म्हणाला.

"मगे भेटू नको."

"मी गवत कापूक इलंय."

"गवत थंय आसा. माझ्या तोंडार नाय."

त्याने विळा खाली टाकला. तलावात पाणकोंबडी बुडी मारून लांब वर आली. दोघंही तिच्याकडेच बघत राहिली, एकमेकांकडे बघायला नको म्हणून.

"कार्मीन."

"काय?"

"गाय उलटली की माका... माका बरा वाटायचा. पाप लागतला माका."

"मगे दोघांक लागतला," ती म्हणाली. "माझा अर्धा पाप आसा."

"पाडो बरो होवंदे. मी सगळ्यांसमोर सांगतलंय. तेलाची चूक होती, तुझी नाय."

"आणि बरो झालो नाय तर?"

"तर पाडो कसालाक जातलो, आणि माका घर रवचा नाय."

"आमच्या घरात एक खाट मोकळी आसा," ती म्हणाली. "फेलीची. जराशी मोडकी आसा."

"मी मेस्त्रीकाम करतंय."

"म्हणान तर सांगतंय."

तो हसला. मग विळा उचलून पुन्हा गवताला लागला, कारण उशीर झाला असता तर गावाने पाहिलं असतं.

पावसाच्या तोंडाला रोझी पुन्हा माजावर आली. या वेळी शेजारचा रोझारियो तिला घेऊन गेला. कार्मीन पायरीवर बसून राहिली. तीन आठवडे गेले, गाय शांत. अजून तीन गेले. शांत. मांयने चुलीपुढे गुडघे टेकून, छातीवर क्रूस काढून सायबिणीचे आभार मानले. कार्मीन मागच्या दारी जाऊन रडली. घरात वासरू येणार होतं, आणि त्या गोठ्याकडे जायला आता तिच्याकडे कसलंही कारण उरलं नव्हतं.

दिवाळीपर्यंत आडवाळातल्या बहुतेक गायी गाभण राहिल्या. लोकांची तोंडं बदलली. गुरुदासला वाटेत हाका यायला लागल्या, रुक्मिणीला सत्यनारायणाच्या प्रसादाची बोलावणी आली. भाई सगळ्यांना सांगत, "बघितलात? चेडवाची पावलां बंद झाली, आणि देवान कौल दिलो."

आणि गुरुदास गप्प होता. इथे कार्मीनच्या जिवाचं पाणी झालं. तो बोलला तर त्याचा मान जाणार, पाडा हातातून जाणार. न बोलला तर सगळंच त्याचं होतं, फक्त ती सोडून. तिच्यासाठी म्हापशाहून एका बोटीवरच्या कुकाचं स्थळ आलं. फेलिसिदाद मुद्दाम येऊन बसली.

"कोणाची वाट बघतंस गो? गोठे भरले, आणि तुझी बदनामी गावभर झाली. त्याका आता तुझी गरज नाय."

"जत्रेपर्यंत रव," कार्मीन म्हणाली. 

जत्रा मार्गशीर्षात होती. क्रिस्तावही जत्रेला जायचे, खाजं घ्यायला, पाळणा बघायला. कार्मीन खाजेवाल्याच्या दुकानाच्या बाजूला, बायकांच्या मागे उभी राहिली. तिथून देवळाचा चौक दिसत होता. सगळे मानकरी जमले होते. गुरुदास नव्या धोतरात होता, भाईंच्या उजव्या हाताला. त्याची जागा मानाची होती.

भाईंनी नारळ हातात धरून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी जत्रा भरली हा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" गाव एका आवाजात म्हणालं.

"तुझ्या पाड्याक दोष लागलो होतो, तो तू दूर केलंस म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"सांभाळणाऱ्या पोरान वायट संग सोडल्यान, म्हणान गावचे गोठे भरले म्हाराजा..."

गावाने श्वास घेतला. त्या श्वासाच्या फटीत एकट्याचा आवाज आला.

"नाय म्हाराजा."

असं कधी कुणी म्हटलेलं नव्हतं. गाऱ्हाण्याला नाय म्हणता येतं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ढोलवाल्याची काठी हवेत राहिली.

"काय म्हणालंस?" भाईंनी विचारलं.

"नाय म्हणालंय." गुरुदास भाईंच्या बाजूने एक पाऊल पुढे आला. "शिमग्यापासून मी पाड्याक तेल घालूक नाय. एक थेंब नाय. तेल खवट होता. गवत घातलंय, पेंड घातलंय, म्हणान पाडो बरो झालो. त्या चेडवाचो काय दोष नाय."

"आणि तेल? देवाचा तेल काय केलंस?"

"मातयेत ओतलंय."

बायकांतून एक हुंकार उठला. कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

"आणि संग सोडूक नाय मी," गुरुदास म्हणाला. आता तो देवाकडे बघत नव्हता, बायकांच्या मागे बघत होता. "सोडूचंय पण नाय."

सगळ्या माना वळल्या. कार्मीनच्या हातात खाज्याची पुडी होती, ती तिने घट्ट आवळली तेव्हा आतलं सगळं कुस्करलं. तोंड लपवायला पदर नव्हता. तिने मान वर केली आणि तशीच उभी राहिली. भाईंनी नारळ खाली ठेवला. गाऱ्हाणं त्या वर्षी पुरं झालं नाही.

मान त्याच संध्याकाळी गेला. पाड्याचं दावं शंकर नावाच्या गरीब माणसाच्या हाती दिलं गेलं. पाडा जागचा हलेना, तेव्हा गुरुदासनेच पुढे होऊन त्याला नव्या गोठ्यापर्यंत नेऊन बांधला. रुक्मिणीला गावच्या पाणवठ्यावर जाणंही बंद झालं. ती लेकाला म्हणाली, "जा बाबा, थंय कार्मीनकडे जा. मी एकटी खातलंय." पण कार्मीनच तिला हाताला धरून आपल्या घरी घेऊन आली.

नव्या सालात दोघांचं मालवणला रजिस्टर लग्न झालं. देवळात नाही, इगर्जीत नाही. सही करताना गुरुदासच्या कपाळावर घाम होता. कार्मीन म्हणाली, "पाड्याक लाज वाटता?" आणि तो इतका हसला की कारकुनाने मान वर केली.

मोडकी खाट त्याने दुरुस्त केली. पास्कलला रोज उचलून अंगणात बसवू लागला, त्याची दाढी करू लागला. पास्कलची जीभ जड झाली होती, पण त्याने जावयाला "बरो" एवढं म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलं. चैत्रात रोझी व्याली. तांबडी कालवड झाली. त्या घरात दोन म्हाताऱ्या एका चुलीवर दोन तऱ्हांचं सांबारं करत आणि एकमेकींच्या सांबाऱ्याला नावं ठेवत. कार्मीनला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, एवढंच पुरे.

पण पाड्याला तेल पुन्हा सुरू झालं होतं. मातीत ओतल्याच्या दोषापायी आता एक नाही, दोन लोटे. शंकर सांगितलेलं करणारा माणूस, तो करत होता. दुसऱ्या हिवाळ्यात गायी पुन्हा उलटायला लागल्या. या वेळी कुणी काही बोलेना. कार्मीन देवाच्या गोठ्याकडे फिरकत नव्हती, मग दोष कुणाचा? गाव गप्प बसून कसालचा बाजार करत राहिलं.

गुरुदासला ते सोसवेना. पाडा त्याच्या हातचा. पहाटे उठून सड्यावर, गावावरच्या कातळी माळावर, जायचा, भारा कापायचा आणि शंकरच्या गोठ्याच्या दगडी गडग्यावरून आत टाकायचा. शंकर आतून खोकायचा, म्हणजे ऐकलं आहे, पण बघितलेलं नाही.

"कित्या करतंस?" कार्मीन विचारायची. "ते तुका पाणी देणत नाय."

"पाड्यान काय केल्यान त्यांचा?"

"पावसात सडो वायट. फुरशी आसत."

"माझ्या पायांचो वास येवन पळतत ती."

सत्त्याऐंशीच्या गणपतीत, घराघरांत आरत्या चालू असताना, तो असाच सड्यावर गेला. गवताच्या मुठीसकट फुरशावर हात पडला. अंगठ्याला चावलं. त्याने चिंधी बांधली, भारा उचलला, शंकरच्या गडग्यापर्यंत चालत गेला, पाड्याच्या पुढ्यात गवत टाकलं आणि मग घरी आला.

"आधी घरा कित्या नाय इलंस?" कार्मीन किंचाळली.

"वाटेरच गोठो होतो गो," तो म्हणाला, जणू दुकानातून मीठ आणायचं राहिलं असावं.

रोझारियो आणि शंकर यांनी त्याला खुर्चीत बसवून मुख्य रस्त्यापर्यंत नेलं. हो, शंकरही आला. ओहोळाला पाणी चढलं होतं, वेळ गेला. मालवणच्या दवाखान्यात सुई दिली, पण हिरड्यांतून रक्त थांबेना. कार्मीन ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसत होती. ती पोटुशी होती, हे तिने त्याला दुसऱ्या रात्री सांगितलं. 

"तोंड तिकडे कर," तो म्हणाला. "माका लाज वाटता."

ती तोंड फिरवून, त्याचा हात धरून बसली. तो रडत होता ते तिला हातातून कळत होतं.

मुलगा झाला, तो माघात, सुरंगीच्या दिवसांत. पाडा त्यानंतरच्या उन्हाळ्यात गोठ्यातच मेला. पास्कल नव्वद साली गेला.

गुरुदास १९८७ साली, भाद्रपदात, गौरीविसर्जनाच्या सकाळी वारला. त्याचं वय तेव्हा अठ्ठावीस होतं.